हातचा एक: सगळ्यांच्या मालकीची चिप-भाषा आणि एक जाहीर चूक

लोकलमध्ये दाराशी उभे असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल किंवा ऑफिसच्या कॅबमध्ये अर्धवट झोपेत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलतानाचे अडखळणे आणि पन्नास वेळा आलेलं ‘अ‍ॅक्च्युअली’ तेवढं काढलंय.

आजचा विषय ऐकायला जरा जड आहे. वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं एकत्र येऊन इंजिनिअरिंगचं संशोधन करतात, म्हणजे नेमकं काय करतात? पण सुरुवात एका छोट्या गोष्टीने करतो. माझ्या कॉलेजातल्या.

बीटेकला आम्हाला मायक्रोप्रोसेसरची लॅब होती. ८०८५ चं ते किट आठवतंय? लाल आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले आणि दाबून दाबून गुळगुळीत झालेली बटणं. एक प्रॅक्टिकल होतं: दोन संख्यांची बेरीज करा आणि हातचा वेगळा साठवा. हातचा म्हणजे कॅरी. शाळेत आपण म्हणायचो ना, सात आणि पाच बारा, दोन लिहा, हातचा एक. तोच.

मॅन्युअलमध्ये प्रोग्रॅम छापलेला होता. आम्ही तो जसाच्या तसा भरला. ५ आणि ३ दिले. उत्तर आलं ८, आणि हातचा १! पाच अधिक तीन आठ, आणि वर हातचा एक. पहिलीतलं पोरगंसुद्धा हसेल.

मी अर्धा तास डोकं खाजवलं. मग दिसलं. मॅन्युअलमध्ये ‘जेएनसी’ पाहिजे होतं तिथे ‘जेसी’ छापलेलं. जेएनसी म्हणजे ‘हातचा नसेल तर पुढे उडी मार’. जेसी म्हणजे ‘हातचा असेल तर उडी मार’. एक अक्षर गळलं आणि अर्थ बरोब्बर उलटा झाला.

मग मी काय केलं? काहीही नाही. जर्नलमध्ये हातचा शून्य लिहिलं, कारण मॅन्युअलच्या शेवटी ‘अपेक्षित उत्तर’ तेच होतं. प्रोग्रॅम चुकीचाच उतरवला, कारण तोही मॅन्युअलमध्ये होता. सबमिशन झालं, सही मिळाली. आधीच्या बॅचने तेच केलं होतं, नंतरच्या बॅचने तेच केलं. सरांना कुणी सांगितलं नाही. सरांना कसं सांगणार, ‘सर, तुमचं चुकलंय’?

ही गोष्ट जरा बाजूला ठेवा. शेवटी परत येऊ.

तुमच्या खिशातली भाषा

आता तुमचा फोन हातात घ्या. अँड्रॉइड असो की आयफोन, आतला प्रोसेसर जवळजवळ नक्की ‘आर्म’ घराण्यातला आहे. घराणं म्हणजे काय? प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञा कळतात. बेरीज कर, मेमरीतून आण, तिकडे उडी मार. या आज्ञांची यादी आणि प्रत्येकीचा नेमका अर्थ, याला म्हणतात इन्स्ट्रक्शन सेट. ही त्या चिपची भाषा. तुम्ही कोड पायथॉनमध्ये लिहा नाहीतर जावामध्ये, चालताना शेवटी काम याच आज्ञांमध्ये होतं.

आणि गंमत अशी की ही भाषा कुणाच्या तरी मालकीची असते. लॅपटॉपमधली एक्स-८६ ही इंटेलकडून आली. आर्मची भाषा केंब्रिजच्या आर्म कंपनीची. त्या भाषेत बोलणारी चिप बनवायची तर परवाना घ्या, पैसे भरा. मराठी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, पण चिपला तिची भाषा बोलायला लागते.

आता मालकीची ही आर्म आली कुठून, ते बघा. १९८०च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन आणि त्यांचे विद्यार्थी एका कल्पनेवर काम करत होते: आज्ञा कमी आणि सोप्या ठेवल्या तर चिप लहान होते आणि जोरात पळते. तिला त्यांनी ‘रिस्क’ म्हटलं. हे काम त्यांनी शोधनिबंधांत छापलं. १९८३मध्ये इंग्लंडमध्ये एकॉर्न नावाच्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ते निबंध वाचले आणि ठरवलं की आपणही बनवू. एप्रिल १९८५मध्ये पहिली आर्म चिप चालू झाली.

म्हणजे तुमच्या खिशातला फोन हा एका विद्यापीठातल्या संशोधनाचा दुसऱ्या देशात झालेला परिणाम आहे. पण याला सहकार्य म्हणायचं का? माझ्या मते नाही. एकाने लिहिलं, दुसऱ्याने वाचलं आणि स्वतःचं घर बांधलं. चांगलंच झालं. पण त्या घराला पुढे कुलूप लागलं.

२०१० चा उन्हाळा

तीस वर्षांनी, २०१०मध्ये, त्याच बर्कलीत क्रेस्ते असानोविच हे प्राध्यापक आणि अँड्र्यू वॉटरमन व युनसुप ली हे त्यांचे विद्यार्थी नव्या संशोधनासाठी इन्स्ट्रक्शन सेट शोधत होते. एक्स-८६ अवाढव्य आणि इंटेलचा. आर्मचा परवाना असा की बनवलेलं डिझाइन इतरांना देता येणार नाही. आणि विद्यापीठात डिझाइन इतरांना देताच येणार नसेल तर संशोधन करून करायचं काय?

म्हणून त्यांनी ठरवलं की स्वतःचाच बनवू. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचं काम, असा अंदाज होता. इंजिनिअरचा अंदाज तो! पहिलं मॅन्युअल २०११मध्ये आलं, आणि गोठवलेली, म्हणजे आता बदलणार नाही अशी मूळ आवृत्ती २०१४मध्ये. बर्कलीतली ही पाचवी रिस्क, म्हणून नाव ‘रिस्क-फाइव्ह’. मूळ भागात पन्नासपेक्षाही कमी आज्ञा. मॅन्युअल फुकट, वापरायला परवानगी नको, रॉयल्टी नाही.

या चार वर्षांत एक विचित्र गोष्ट होत होती. बर्कलीवाले आपल्या वर्गात शिकवताना या भाषेत बारीकसारीक बदल करायचे. आणि बाहेरून तक्रारी यायला लागल्या, की तुम्ही हे का बदललंत? यांना कळेना. आमच्या वर्गातली गोष्ट आम्ही बदलली, तुम्हाला का त्रास? मग लक्षात आलं की लोक ती वापरायला लागले होते. कुणी करार केला नव्हता, कुणी हार घातले नव्हते. मॅन्युअल नेटवर होतं, एवढंच. पॅटरसन आणि असानोविच यांनी मग २०१४मध्ये जाहीर मांडणीच केली, की इन्स्ट्रक्शन सेट मुक्त असायला हवेत.

कोण कोण आलं

आता नकाशा डोळ्यापुढे आणा.

स्वित्झर्लंडमधलं झुरिचचं ईटीएच आणि इटलीतलं बोलोन्या विद्यापीठ. लुका बेनिनी यांचा गट २०१३पासून कमी वीज खाणाऱ्या चिप बनवत होता, ‘पल्प’ नावाच्या प्रकल्पात. आधी ते दुसरी एक मुक्त भाषा वापरायचे, मग रिस्क-फाइव्हवर आले. त्यांचा ‘झीरो-रिस्की’ हा छोटासा प्रोसेसर पुढे केंब्रिजच्या ‘लोरिस्क’ या ना-नफा संस्थेने सांभाळायला घेतला. त्याचं नवं नाव ‘आयबेक्स’, आणि आज तो ‘ओपनटायटन’ या सुरक्षेसाठीच्या चिपच्या मध्यभागी आहे. लोरिस्क सुरू करणारी माणसं केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमधली. एकाने बनवलं, दुसऱ्याने सांभाळलं, तिसऱ्याने वापरलं, आणि तिघांचे देश वेगळे.

चीनमध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या विद्यापीठात पाच पदवीच्या विद्यार्थ्यांनी चार महिन्यांत रिस्क-फाइव्हचा प्रोसेसर डिझाइन केला आणि डिझाइन कारखान्यात पाठवलं. पदवीचे विद्यार्थी, आपल्या फायनल इयरसारखे. आपण त्या वयात फायनल इयर प्रोजेक्ट कुठून विकत मिळेल हे विचारत होतो. सगळेच नाही, पण बरेच.

आणि चेन्नई. आयआयटी मद्रासमध्ये व्ही. कामकोटी यांच्या गटाचा ‘शक्ती’ हा प्रोसेसर. हे लोकही आधी वेगळ्या इन्स्ट्रक्शन सेटवर होते, आयबीएमच्या पॉवरवर. मग रिस्क-फाइव्हवर आले. शक्तीचं डिझाइन आज कुणालाही उतरवून घेता येतं, वाचता येतं, बदलता येतं.

शक्ती लिहिलाय ‘ब्ल्यूस्पेक’ नावाच्या हार्डवेअरच्या भाषेत. हिच्यामागे काम आहे एमआयटीतले प्राध्यापक अरविंद यांचं. आडनाव लावत नसत, नुसतंच अरविंद. ते १९६९चे आयआयटी कानपूरचे पदवीधर. आणि आयआयटी कानपूर त्या काळात कशी उभी राहत होती? १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं नऊ अमेरिकी विद्यापीठं आणि संस्था मिळून तिला मदत करत होती, त्यात एमआयटीही होती आणि बर्कलीही. आपल्या पवईच्या आयआयटीला तसंच युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाने यंत्रं आणि तज्ज्ञ दिले.

म्हणजे बघा, त्यांनी कानपूर उभारायला हात दिला, कानपूरचा मुलगा एमआयटीत गेला, त्याच्या कामातून आलेली भाषा चेन्नईत पोचली, आणि चेन्नईने तिच्यात बर्कलीच्या आज्ञा समजणारी चिप लिहिली. पन्नास वर्षांचा फेरा. पण पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात एक मोठा फरक आहे. तेव्हा एक देणारा होता आणि एक घेणारा. आता टेबलावर एक वस्तू आहे आणि सगळे तिच्याभोवती बसलेत.

पण टेबलाभोवती बसणं म्हणजेच सहकार्य का? तेही नाही. खरी परीक्षा २०१७मध्ये झाली.

‘तुमचं चुकलंय’

हा भाग जरा लक्ष देऊन ऐका. सोपा करून सांगतो.

आजच्या प्रोसेसरमध्ये एकाहून जास्त कोअर असतात. तुमच्या फोनमध्ये बहुधा आठ. समजा तुम्ही तीन फ्लॅटमेट आहात: अमोल, बंटी आणि चैतन्य. एकच फ्रिज. अमोल फ्रिजमध्ये डबा ठेवतो आणि बंटीला सांगतो, ‘ठेवला’. बंटी ते बघतो आणि दारावर चिठ्ठी लावतो, ‘डबा आहे’. चैतन्य रात्री येतो, चिठ्ठी वाचतो, फ्रिज उघडतो. डबा नाही!

घरात असं झालं तर बंटीने खाल्ला म्हणून भांडण होईल. पण प्रोसेसरमध्ये हे खरोखर होऊ शकतं. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर कामांचा क्रम बदलतो, आणि एका कोअरने मेमरीत लिहिलेली गोष्ट वेगवेगळ्या कोअरना वेगवेगळ्या वेळी दिसते. चैतन्यला चिठ्ठी आधी दिसते, डबा नंतर पोचतो. मग कुणाला काय कोणत्या क्रमाने दिसू शकतं आणि काय अजिबात दिसता कामा नये, याचे नियम इन्स्ट्रक्शन सेटमध्ये लिहावे लागतात. या नियमांना म्हणतात मेमरी मॉडेल. ते ढिले राहिले तर प्रोग्रॅम लाखात एकदा चुकतो, आणि का चुकला हे कुणालाच सापडत नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, सांगतो, असल्या बगने माणसाचे आठवडे जातात. तुमच्या मशीनवर चालतं, कस्टमरच्या मशीनवर बंद पडतं, आणि बघायला गेलं की परत चालतं.

प्रिन्स्टन विद्यापीठात कॅरोलाइन ट्रिपल आणि यतीन मणेरकर हे पीएचडीचे विद्यार्थी, त्यांच्या प्राध्यापक मार्गारेट मार्टोनोसी, आणि एनव्हिडिया कंपनीतले दोन सहकारी यांनी ‘ट्रायचेक’ नावाचं एक साधन बनवलं. प्रोग्रॅमरला सी भाषेने दिलेलं वचन, कंपायलरने केलेलं भाषांतर आणि चिपचे नियम या तिन्हींची सांगड बसते का, हे ते तपासतं. त्यांनी रिस्क-फाइव्हचे लिखित नियम त्यावर लावले. १,७०१ छोटे चाचणी-प्रोग्रॅम तपासले. सगळे नियम पाळणारी चिपसुद्धा त्यांपैकी १४४ ठिकाणी सी भाषेने ‘हे कधीच होणार नाही’ म्हटलेलं उत्तर देऊ शकते, असं निघालं. तीन फ्लॅटमेटचा घोळ हा त्यांतलाच एक प्रकार.

एप्रिल २०१७मध्ये चीनमधल्या शिआन शहरात एका परिषदेत त्यांनी हे जाहीर मांडलं. बातम्या झाल्या. आता कल्पना करा, तुम्ही बर्कलीत आहात. सात वर्षं घातली आहेत. जगभरचे लोक तुमच्या भरवशावर चिप बनवताहेत. आणि दुसऱ्या विद्यापीठातले विद्यार्थी परिषदेत उभे राहून सांगतात की नियमांत भोक आहे.

पुढे काय झालं असेल? आपल्याकडे काय झालं असतं, ते ज्याने त्याने आठवून बघावं.

झालं असं की रिस्क-फाइव्हचा कारभार बघणाऱ्या संस्थेत या मेमरी मॉडेलसाठी एक गट नेमला गेला. आणि त्याचे प्रमुख कोण? डॅनियल लुस्टिग. चूक दाखवणाऱ्या त्याच निबंधाच्या लेखकांपैकी एक. चूक सापडली ना, या आता, बसा आणि दुरुस्त करा. मग केंब्रिजहून पीटर सीवेल यांच्या गटातली माणसं आली, फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतले लुक मारांजे आले, एमआयटीतले अरविंद आणि त्यांचे विद्यार्थी आले. नियम नुसते इंग्रजी वाक्यांत न ठेवता गणिताच्या भाषेत लिहिले गेले, म्हणजे ते यंत्राकडून तपासता येतील. डिसेंबर २०१९च्या मॅन्युअलमध्ये हे नवं मॉडेल मंजूर झालेलं आहे.

ते मॅन्युअल उघडा. सुरुवातीला योगदान देणाऱ्यांची यादी आहे. यादी इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावलीय. प्राध्यापक आधी, विद्यार्थी नंतर असं नाही. पहिलं नाव अरविंद. आणि त्याच यादीत मार्टोनोसी, ट्रिपल, मणेरकर. ज्यांनी ‘तुमचं चुकलंय’ म्हटलं, ते ‘आमचं’ म्हणणाऱ्यांत बसलेत.

मला विचाराल तर सहकार्य म्हणजे हे. बाहेरच्या माणसाला चूक दाखवता आली पाहिजे, आणि चूक दाखवणाऱ्याने दुरुस्तीला हात लावला पाहिजे. दोन्ही बाजूंनी थोडा मान गिळायचा असतो. कागदावरच्या सह्या नंतरच्या.

प्रत्येक तक्रार मान्य होते असं मात्र समजू नका. रिस्क-फाइव्हमध्ये हातच्याची खूणच नाहीये! ८०८५मध्ये बेरीज झाली की हातचा आला की नाही हे एका बिटमध्ये आपोआप लिहिलं जातं. रिस्क-फाइव्हमध्ये तो बिटच काढून टाकलाय, कारण अनेक आज्ञा एकाच वेळी चालवताना असा सगळ्यांचा मिळून एकच बिट म्हणजे अडथळा. मोठमोठ्या संख्यांची गणितं करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लोकांनी यावर जाहीर टीका केली. पण निर्णय बदलला नाही. मात्र मॅन्युअलमध्ये ठिकठिकाणी वेगळ्या टिपा आहेत, की आम्ही हे असं का केलं. तुम्हाला पटो न पटो, कारण समोर आहे. ‘वरून आलंय’ असं कुणी सांगत नाही.

आता थोडं पाय जमिनीवर

इथे थांबलो तर जाहिरात होईल. म्हणून दुसरी बाजू.

भाषा मुक्त झाली म्हणजे चिप फुकट झाली नाही. कागदावरचं डिझाइन सिलिकॉनवर उतरवायला कारखाना लागतो, आणि तो मुक्त नाही. शक्तीची २०१८मधली एक चिप इंटेलच्या कारखान्यात २२ नॅनोमीटरवर बनली. दुसरी आपल्याकडे, चंडीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटरवर. हा आकडा जितका लहान तितकं तंत्रज्ञान बारीक आणि नवं. फरक तुम्हालाच दिसतोय. तरीही त्या १८० नॅनोमीटरला नावं ठेवू नका. २०२५मध्ये आयआयटी मद्रास आणि इस्रोने मिळून शक्तीवर आधारलेली ‘आयरिस’ चिप आणली, ती तिथेच बनली. अवकाशयानाच्या कामाला सगळ्यात पातळ नाही, सगळ्यात भरवशाची चिप लागते.

दुसरं, राजकारण. आपण महाराष्ट्रातले लोक ही गोष्ट विसरू नये. १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा असलेला जास्त ताकदीचा क्रे सुपरकॉम्प्युटर दिला नाही. त्यातून १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० तयार झाला. अभिमानाची गोष्ट आहेच. पण परमच्या आत काय होतं माहितीये? इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे प्रोसेसर. म्हणजे ‘आम्ही एकट्याने केलं’ ही गोष्टसुद्धा एकट्याची नव्हती. एक दार बंद झालं तेव्हा दुसरं उघडं होतं, म्हणून जमलं.

रिस्क-फाइव्हच्या संस्थेलाही ही धास्ती वाटली. तिची नोंदणी अमेरिकेत होती. २०२०मध्ये ती स्वित्झर्लंडला नेली, कुठल्याही एका देशाच्या भांडणात सापडू नये म्हणून. तरी २०२३मध्ये अमेरिकेतल्या काही लोकप्रतिनिधींनी मागणी केलीच, की चीन याचा फायदा घेतोय, अमेरिकी लोकांच्या सहभागावर बंधनं आणा. त्यांची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. चिप फोनमध्ये जाते तशी क्षेपणास्त्रातही जाते. पण छापून झालेलं मॅन्युअल परत कसं मागवणार? बंधनं येतील ती माणसांवर. कोण कुणाशी बोलू शकतं, यावर. आणि मघाशी बघितलं ना, १४४ चुका सापडल्या त्या बोलण्यामुळेच. माणसं बोलायची थांबली तर चुका नाहीशा होत नाहीत, फक्त सापडायच्या थांबतात.

मग आपण?

आमच्या कॉलेजातही एकदा परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला होता. आम्हाला ब्लेझर घालून पहिल्या रांगेत बसवलं. पुष्पगुच्छ, फोटो, समोसे. फोटो अजून कॉलेजच्या माहितीपत्रकात आहे. त्या विद्यापीठातल्या एकाही विद्यार्थ्याशी आमचं कधी बोलणं झालं नाही. करार वाईट नसतात, व्हिसाला आणि पैशाला लागतातच. पण करारानंतर टेबलावर कुठली वस्तू येणार आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

तुम्ही आज शिकत असाल तर विचारा. आणि कराराची वाटही बघू नका. रिस्क-फाइव्हचं मॅन्युअल फुकट आहे. ‘व्हीनस’ नावाचा बर्कलीतल्या वर्गात वापरतात तो सिम्युलेटर ब्राउझरमध्ये उघडतो. किट नको, लॅब नको. त्यात मी माझं जुनं प्रॅक्टिकल करून बघितलं. हातच्याचा बिट नाही, मग हातचा काढायचा कसा? दोन संख्या मिळवा, आणि उत्तर त्यांतल्या एकीपेक्षा लहान आहे का ते विचारा. लहान असेल तर बेरीज रजिस्टरच्या बाहेर सांडली, म्हणजे हातचा एक. दोन आज्ञांत काम झालं. करून बघा, मजा येते.

आणि काही चुकीचं दिसलं, मॅन्युअलमध्ये, कोडमध्ये, कुठेही, तर लिहा. नीट लिहा: काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं. जमलं तर दुरुस्ती जोडा. मी पहिल्यांदा एका मुक्त प्रकल्पाला अशी दुरुस्ती पाठवली तेव्हा मेल पाठवायचं बटण दाबायला मला दोन दिवस लागले. इंग्रजी चुकेल, हसतील, वगैरे. उत्तर आलं एका ओळीचं: याची टेस्टही जोडाल का? हसलं कुणी नाही. मी कुठला, कुठल्या कॉलेजचा, हेही विचारलं नाही. टेस्ट मागितली.

तर, मघाची गोष्ट. हा एपिसोड लिहायला घेतला तेव्हा मला माझीच लाज वाटली. जगाला सांगतोय चुका दाखवा, आणि स्वतः एक अक्षर इतकी वर्षं पोटात ठेवून बसलोय. म्हणून मागच्या रविवारी सरांना फोन केला. ओळख सांगितली, तब्येत विचारली, आणि मग जेसी-जेएनसीचं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मला वाटलं, झालं.

सर म्हणाले, “तुला तेव्हाच कळलं होतं?”

म्हटलं, हो सर.

“मग बोलला का नाहीस रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर म्हणाले, “त्या पानाचा फोटो असेल तर पाठव.” जुनं जर्नल आईने माळ्यावर ठेवलेलं होतं. तिने शोधून फोटो काढून मला पाठवला, मी सरांना पुढे पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात. नव्या मॅन्युअलमध्ये काय छापून येतं ते बघू. आलं तर सांगेन.

तुमच्या जर्नलमध्येही असं एखादं पान असेल. काय होतं ते मला व्हॉइस नोटने पाठवा. आणि आजच्या बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला नावानिशी दुरुस्त करीन.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!